मिनिटाला साठ शब्द

तिसरीच्या मुलाला मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता आले पाहिजेत, असं केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं लक्ष्य आहे. दुसरीसाठी तोच आकडा ४५ ते ६० आहे. ५ जुलै २०२१ रोजी हे अभियान सुरू झालं आणि वाचन मोजायला गुरुजींच्या मोबाईलमधलं स्टॉपवॉच वर्गात शिरलं. दुसऱ्या टोकाला अभ्यासिकांमध्ये रात्री उशिरापर्यंत बसणारी पोरं-पोरी आहेत. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा असं काही ना काही डोक्यात असतं आणि तक्रार एकच: पेपर सुटत नाही, उतारे वाचण्यातच वेळ जातो. त्यांच्या मोबाईलवर ‘मिनिटाला हजार शब्द वाचा’ अशा जाहिराती येत असतात.

सात वर्षांचं पोर आणि पंचविशीचा उमेदवार यांचा प्रश्न खरं तर एकच आहे. वाचनाचा वेग येतो कुठून, आणि तो वाढवताना समज हातातून निसटते का? यावर जगभर भरपूर काम झालेलं आहे, महाराष्ट्रातही बरंच झालंय. ते सगळं एकदा अक्कलकुव्यात उभं राहून तपासावं, म्हणून हा आढावा. अक्कलकुवाच का, तर वाचायची भाषा आणि घरची भाषा जिथे वेगवेगळ्या असतात, तिथे वेगाचा प्रश्न उघडा पडतो. पुण्या-नाशकात तो झाकला जातो.

नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा हा तालुका. अक्कलकुवा गाव आणि खापरचा बाजार बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर, सपाटीला. पुढे लगेच गुजरात. उत्तरेला देवगोईचा घाट चढलं की डाब, मोलगी, मग सातपुड्याच्या रांगा उतरत थेट नर्मदेच्या काठी मणिबेली. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता साधारण ६४ टक्के होती, राज्याची ८२ टक्के. जिल्ह्यात दर दहातले सात जण आदिवासी, आणि या तालुक्यातल्या पाड्यांवर घरात बोलली जाते ती भिली. तिचीच वसावी, देहवाली अशी रूपं. भिली ही काही कोपऱ्यातली चार घरांची बोली नव्हे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात तिला स्वतंत्र भाग मिळाला होता आणि २०११च्या जनगणनेत देशभरातल्या एक कोटीहून अधिक लोकांनी ती आपली भाषा म्हणून नोंदवली. शाळा मात्र मराठीत, बाजारात गुजरातीही कानावर पडते. पहिलीतल्या पोरासमोर ‘बालभारती’ येतं तेव्हा त्याला अक्षर नवीन असतं आणि अक्षराआडची भाषाही नवीन असते.

आधी वेगाच्या दुकानदारीचा निकाल लावू. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या शिक्षिका इव्हलिन वुड यांनी १९५९मध्ये ‘रीडिंग डायनॅमिक्स’ नावाचे वर्ग काढले. पानावरून हात फिरवायचा, शब्द मनात उच्चारायचे नाहीत, मागे वळायचं नाही, एका नजरेत ओळीच्या ओळी टिपायच्या. आजच्या बहुतेक जाहिराती याच मालावर नवं लेबल लावून फिरतात. १९८७मध्ये जस्ट आणि कार्पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी असे प्रशिक्षित वाचक आणि साधे वाचक शेजारी बसवून तपासले. सोप्या मजकुराचा ढोबळ सारांश वेगवाल्यांना सांगता आला, तपशील विचारल्यावर मात्र ते अडले. म्हणजे ते वाचत नव्हते, चाळत होते. चाळणं हेही कामाचं कौशल्य आहे, फक्त त्याची फी ‘वाचन’ म्हणून घेऊ नये.

यामागे डोळ्याची रचना आहे. वाचताना नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारत जाते आणि प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबते. स्पष्ट दिसतं ते नजरेच्या मधोमध जेमतेम दोन अंशांत. बाकीचं धूसर. त्यामुळे एका दृष्टिक्षेपात अख्खा परिच्छेद टिपणं ही गोष्ट शरीरालाच जमणारी नाही. कीथ रेनर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २०१६मध्ये या विषयावरचं सगळं संशोधन एकत्र मांडलं, तेव्हा निष्कर्ष सरळ होता: वेग आणि समज यांत देवाणघेवाण आहे, आणि समज टिकवून वेग वाढवायचा तर भाषेवरची पकड वाढवणं हाच खात्रीचा मार्ग. नजर मागे वळवणं हा दोष नाही. चांगला वाचकही दर शंभर उड्यांमागे दहा-पंधरा वेळा मागे येतो. पडद्यावर एकेक शब्द भराभर दाखवणारी अॅप्स २०१४च्या सुमारास गाजली, पण मागे वळायची सोय काढून घेतल्यावर वाचकांची समज घसरते, असं त्याच वर्षी प्रयोगात दिसलं. मनातल्या मनात उच्चारण्याचंही तसंच. ते बंद केलं की अवघड मजकूर डोक्यात टिकत नाही. आणि इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्दांच्या आसपास आहे, हे मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९मध्ये जवळपास दोनशे अभ्यासांची बेरीज करून दाखवलं. हजाराचा आकडा जाहिरातीतच राहू द्यावा.

मग ६०चा आग्रह तरी कशाला? तो खुळचट नाही. हेलन अबादझी यांनी जागतिक बँकेसाठी लिहिताना हे स्पष्ट केलं आहे. डोक्यात एका वेळी थोडंच मावतं आणि तेही काही सेकंदच टिकतं. शब्द जोडण्यातच सगळी शक्ती गेली, तर वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होते. म्हणून त्यांनी ४५ ते ६० शब्दांचा उंबरठा सुचवला होता, आणि आपल्या निपुणचा आकडाही त्याच पट्ट्यातला आहे. लाबर्ज आणि सॅम्युअल्स यांनी १९७४मध्ये मांडलेला सिद्धांत हाच: अक्षर ओळखणं अंगवळणी पडलं की लक्ष अर्थासाठी मोकळं होतं. बोट ठेवून ‘प-पा-पाऊ-पाऊस’ करत एका ओळीला अर्धं मिनिट घेणाऱ्या पोराला अर्थ कळेल, ही आशा फोल आहे. तेव्हा मंद वाचन म्हणजे सखोल वाचन हा आपल्याकडचा लाडका समज निदान प्राथमिक शाळेत तरी सोडून द्यावा.

आकडा लावताना मात्र भाषा बघावी लागते. इंग्रजीत चार शब्दांत जे येतं ते मराठी एका शब्दात कोंबते. ‘शाळेतल्यांपैकी’ हा मोजणीला एकच शब्द, पण त्याला लागणारा वेळ ‘घर’ला लागणाऱ्या वेळाच्या कितीतरी पट. विभक्ती, शब्दयोगी अव्यय, सामान्यरूप सगळं एकाला एक चिकटून येतं. त्यात लिपीची वळणं. देवनागरी चोख उच्चारानुसारी म्हणून आपण तिची पाठ थोपटतो, पण शिकणाऱ्याला शेकडो जोडणीरूपं ओळखायची असतात. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांत केलेल्या अभ्यासात दिसलं, की भारतीय अक्षरमालांवर पूर्ण हुकूमत यायला मुलांना चौथी-पाचवी उजाडते. आपल्या ऱ्हस्व इकाराची तर गंमतच आहे: लिहायचा आधी, उच्चारायचा नंतर. ज्योत्स्ना वैद आणि गुप्ता यांच्या प्रयोगांत अशा शब्दांना हिंदी वाचक जरा जास्त वेळ घेतात असं आढळलं. हे सगळं धरून तिसरीचा आकडा ठरवायला हवा. दोन शाळांतले उतारे वेगळे, शब्दांची लांबी वेगळी, आणि मिनिटाला इतके म्हणून तुलना करायची, हे काही खरं नाही.

वेग पानावरही अवलंबून असतो, हे आपण विसरलो आहोत. जुन्या पोथ्यांत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसे आणि मोडीत तर हात न उचलता ओळ पुढे जाई. लिहिणाऱ्याची सोय, वाचणाऱ्याची कसरत. एकोणिसाव्या शतकात छापखाने आले, मेजर कँडी यांनी मराठीत विरामचिन्हं रुजवली, शब्द सुटे झाले आणि मनातल्या मनात भरभर वाचणारा मराठी वाचक तिथून पुढे घडला. त्याआधी वाचन मुख्यतः मोठ्यानं होतं, चारचौघांत होतं, आणि अर्थ सांगायला पुराणिकबुवा वेगळे असत.

उच्चार आणि अर्थ ही दोन कामं वेगळी आहेत याचा दाखला अक्कलकुव्यातच आहे. हे गाव देशभर ओळखलं जातं ते जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम या मोठ्या संस्थेमुळे. कुराण पाठ करण्याच्या परंपरेत अरबी ही घरची भाषा नसलेली मुलं उच्चाराचे काटेकोर नियम पाळत, ठरावीक लयीत पठण करतात. अर्थाचं शिक्षण वेगळं दिलं जातं. आपल्याकडच्या वेदपाठशाळेतही तेच, आणि ‘गुरुचरित्रा’च्या सात दिवसांच्या पारायणात रोजचे अध्याय आधीच ठरलेले. या सगळ्यांत पठणाचं स्वतःचं मूल्य आहे आणि ते करणाऱ्यांना ठाऊक असतं, की अर्थ कळणं ही पुढची पायरी. जिल्हा परिषदेच्या शाळेत गडबड होते ती इथे: आपण पठण मोजतो आणि त्याला आकलन म्हणतो.

एक वाक्य घ्या. ‘पावसामुळे रस्त्यावरची वाहतूक ठप्प झाली.’ मोलगीच्या वरच्या एखाद्या पाड्यावरचं तिसरीतलं पोर हे वाक्य खाडकन वाचू शकेल. गुरुजी विचारतात, ‘काय ठप्प झालं?’ ते सांगतं, ‘वाहतूक.’ ‘कशामुळे?’ ‘पावसामुळे.’ दोन्ही उत्तरं बरोबर, तक्त्यात खूण झाली. पण वाहतूक म्हणजे काय आणि ठप्प होणं म्हणजे काय, हे त्याला माहीत असेलच असं नाही. प्रश्नातला ‘ठप्प’ शोधायचा आणि शेजारचा शब्द उचलायचा, एवढं केलं की काम भागतं. हेच त्याला ‘मग त्या दिवशी बाजाराला गेलेल्या लोकांचं काय झालं असेल?’ असं भिलीत विचारून बघा. वाक्य समजलं असेल तर गाडी अडकली, लोक चालत आले, रात्र झाली, असं घडाघडा बोलेल. समजलं नसेल तर गप्प बसेल. त्या गप्प बसण्याची नोंद स्टॉपवॉचमध्ये होत नाही.

गॉफ आणि टनमर यांनी १९८६मध्ये हे एका सोप्या गुणाकारात बसवलं. वाचून समजणं म्हणजे अक्षर उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकून समजण्याची क्षमता. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे एक संख्या शून्याजवळ असली तर दुसरी कितीही वाढवा, फळ शून्याजवळच राहणार. पुण्यातल्या मराठी घरातलं पोर शाळेत येतं तेव्हा ऐकून समजण्याची त्याची संख्या भरलेली असते, फक्त अक्षर शिकायचं असतं. म्हणून त्याचा वेग वाढला की समजही वाढताना दिसते आणि आपण समजतो, की वेगानंच समज आणली. अक्कलकुव्यातल्या पोराची दुसरी संख्या मराठीत अजून लहान आहे, भिलीत ती भरपूर आहे. त्याला घड्याळ लावून पहिली संख्या वाढवत नेणं म्हणजे अर्ध्या कामाला पूर्ण पगार मागणं.

विषयाची ओळख किती मोठं काम करते, याचा एक प्रयोग मला फार आवडतो. रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८मध्ये अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुलं ही वाचनात पक्की, पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. हे इथे लावून बघा. मोलगीच्या बाजारात आमचूर कसा विकला जातो, कैऱ्या फोडून वाळवताना पावसाची भीती का असते, काठीच्या राजवाडी होळीला लोक रात्रभर चालत का येतात, मोहफुलं वेचायला पहाटेच का जायचं, यावरचा उतारा या पोराला द्या आणि मुंबईच्या लोकलवरचा द्या. वेगातला फरक डोळ्यांना दिसेल. लोकलवरचा उतारा देऊच नये असं नाही, जग मोठं व्हायलाच हवं. पण क्षमता मोजताना अनोळखी जग समोर ठेवायचं आणि मूल मंद ठरवायचं, हा अन्याय आहे.

आता महाराष्ट्रात झालेल्या कामाकडे. ‘प्रथम’नं २००५पासून ‘असर’ सर्वेक्षण घरोघर जाऊन केलं आणि पाचवीतल्या किती मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, हा प्रश्न वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आणला. त्याची चाचणी घड्याळावर नाही. परिच्छेद सलग वाक्यासारखा वाचला की सुट्या शब्दांची माळ म्हणून, एवढं बघितलं जातं. हळू वाचलं तरी चालतं. हा शहाणपणा निपुणच्या घाईत हरवू नये. ‘प्रथम’च्याच पद्धतीत मुलांचे गट इयत्तेऐवजी वाचनपातळीवर पडतात. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या त्यांच्या सुरुवातीच्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९मध्ये नोबेल मिळालं. पातळीनुसार शिकवण्याचा फायदा निर्विवाद दिसतो. मात्र त्या पद्धतीतही घरच्या बोलीचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

पालघर जिल्ह्यातल्या मराठी शाळांत आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरी अशी मुलांच्या वाचनाची वाटचाल तपासली. वर्गातला वेळ मुळाक्षरं, बाराखडी आणि फळ्यावरचं उतरवून काढण्यात जातो, सलग मजकूर वाचणं आणि त्यावर बोलणं फार थोडं होतं, हे चित्र त्यातून पुढे आलं. अक्कलकुव्याला यात काही नवल वाटू नये. उलट दिशेचं उदाहरण फलटणचं. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी तिथे १९८४मध्ये प्रगत शिक्षण संस्था सुरू केली आणि अक्षरांचे लहान लहान गट करून त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द-वाक्यं वाचायला लावायची पद्धत रुजवली. बाराखडी संपेपर्यंत अर्थाला दाराबाहेर उभं करायचं नाही.

आणि अक्कलकुव्याचं स्वतःचं उदाहरण आहेच: जीवनशाळा. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. सरकारी शाळा कागदावर होत्या, मास्तर नव्हते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनानं गावकऱ्यांबरोबर चिमलखेडीसारख्या काठच्या गावांत निवासी शाळा सुरू केल्या. शिकवणारे बऱ्याचदा त्याच भागातले तरुण, सुरुवात मुलांच्या बोलीत, गाणी-गोष्टी तिथल्याच, आणि मग मराठी. आंदोलनाबद्दल कोणाचं काहीही मत असो, वाचनाच्या दृष्टीनं ही मांडणी गुणाकाराच्या दोन्ही संख्यांना हात घालणारी होती. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२०मध्ये मातृभाषेतून सुरुवात करायला सांगतं. नर्मदेच्या काठी ते तीसेक वर्षं आधी करून झालं होतं.

वेग खरोखर वाढतो कशानं, याचं उत्तर थोडक्यात सांगता येतं. सॅम्युअल्स यांनी १९७९मध्ये सुचवलेली पुनर्वाचनाची रीत अजून टिकून आहे: लहानसा उतारा, मोठ्यानं, चार-पाच वेळा, चुकलं तिथे सांगायला कोणीतरी शेजारी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीनंही २०००मध्ये अशा मार्गदर्शित वाचनाच्या बाजूनं कौल दिला. यात मी अक्कलकुव्यासाठी एक पायरी आधी जोडेन: उताऱ्यातली गोष्ट आधी मुलांच्या बोलीत सांगायची, त्यांना बोलू द्यायचं, नव्या मराठी शब्दांना तोंडी ओळख द्यायची, मग पान उघडायचं. यासोबत सोप्या पुस्तकांचा ढीग हवा. वर्षाला एक पाठ्यपुस्तक वाचून कोणाचा वेग वाढलेला नाही. शंभर सोपी पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतील तर तीही नसल्यातच जमा. आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेलेलं पोर चार-पाच महिने पान बघत नाही. परतल्यावर त्याचा आकडा खाली आलेला असतो तो शिकवण्यामुळे नव्हे.

अभ्यासिकेतल्या उमेदवारांना वेगळं सांगायला हवं. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात दोन तासांत ८० प्रश्न असतात आणि त्यांतला मोठा भाग उताऱ्यांवर. इथे नजरेचे व्यायाम कामी येत नाहीत. अर्थव्यवस्था, पर्यावरण, विज्ञान, इतिहास यांवर वर्षभर रोज थोडं वाचलेलं असेल तर उताऱ्यातली निम्मी माहिती ओळखीची निघते आणि नजर आपोआप पुढे पळते. प्रश्न आधी वाचून मग उताऱ्याकडे जाणं बहुतेकांना फायद्याचं ठरतं. कुठे चाळायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवणं हाच खरा वेग. अवघड वाक्य दुसऱ्यांदा वाचलं म्हणून वेळ वाया जात नाही, चुकीच्या पर्यायावर उणे गुण मिळाले तर जातो. एक तक्रार मात्र उमेदवारांची नाही, परीक्षेची आहे: उताऱ्यांचं मराठी इतकं भाषांतरी असतं, की मराठी घरातला माणूसही इंग्रजी बाजूकडे बघतो. ज्याची पहिली भाषा भिली आणि दुसरी मराठी, त्यानं तिसऱ्या भाषेच्या आधारानं दुसरी समजून घ्यायची, तीही घड्याळ लावून.

सगळी वाट शेवटी शिक्षकापाशी येते. अक्कलकुवा अनुसूचित क्षेत्रात मोडतो. राज्यपालांच्या २०१४च्या अधिसूचनेनं अशा क्षेत्रातली शिक्षकांसह अनेक पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवली आणि तेव्हापासून अनुसूचित क्षेत्रातली ही ‘पेसा’ भरती हा मोर्चांचा आणि कोर्टकचेऱ्यांचा विषय झाला. त्या वादात आरक्षणाचं गणित सगळे मांडतात. वर्गात मुलांची बोली समजणारा माणूस उभा राहणार की नाही, हा त्यातला वाचनाशी थेट जोडलेला भाग आहे. तालुक्यातल्या पहिली-दुसरीच्या किती शिक्षकांना भिली बोलता येते, हा आकडा केंद्र-केंद्रानुसार काढावा आणि मिनिटाला किती शब्द या आकड्याच्या शेजारच्याच रकान्यात छापावा.